कोरा उजेड

माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नात आमचे थोरले जावई मांडवाच्या दाराशी, चपलांच्या ढिगापुढं पालथे पडले होते. अक्षता नुकत्याच पडल्या होत्या. वरपक्षाची माणसं स्टेजवर ताटकळत उभी, नवरदेवाच्या मुंडावळ्या घामानं भुवयांवर उतरलेल्या, आणि हे आपले जमिनीला गाल लावून, एक डोळा मिटून कुणाच्या तरी अंगठा तुटलेल्या चपलेकडं बघत होते. अंगात नवा सफारी. मीच घेतलेला, मानाचा.

"जावईबापू," मी म्हटलं, "पाडलं का कुणी तुम्हाला?"

"एक मिनिट, अक्का. उजेड बघा काय सुंदर पडलाय इथं."

"उजेड स्टेजवर पण पडलाय. तिथं माणसं उभी आहेत."

"माणसं कुठं जातात? चपला मात्र जातील. कुणीतरी येऊन पायात घालील की संपलं."

वरपक्षाकडची एक बाई पदर तोंडाला लावून हसली. ती हसली ते मला दिसलं, आणि मला दिसलं ते तिला कळलं. तिनं पदर खाली घेतला.

एवढ्यात माझा भाऊ दौलत पंगतीकडून आला. अनवाणी, हातात पाण्याचा जग. लग्नात सगळ्यांत जास्त धावला तो. मी कपाळाची रिकामी, म्हणून कन्यादानाला तो आणि त्याची बायको सुंदरा बसली होती. या लग्नासाठी त्यानं जन्मातला पहिला कोट शिवला होता, तपकिरी रंगाचा. उन्हाळ्याचे दिवस, तरी सगळी बटणं लावलेली. डोक्याला गुलाबी पटका. दौलत गुऱ्हाळावर गुळव्या होता. गूळ कधी उतरवायचा ते काहिलीपुढं उभं राहून तो ठरवायचा. त्या कामानं त्याच्या पायांवर उकळत्या रसाचे डाग पडले होते, पांढरे, अळूच्या पानावर पाणी सांडावं तसे. उजव्या अंगठ्याला नख नव्हतं.

जावयांनी मान उचलली. "मामा! तसेच थांबा. हलू नका. जरा पुढं या, चपलांजवळ."

दौलत थांबला. त्यानं जग खाली ठेवला, कोट खाली ओढला, पटका चाचपला, मिशीवरून हात फिरवला आणि शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर पोरं राहतात तसा छाती काढून उभा राहिला. कॅमेरा त्याच्या घोट्याच्या वर चढलाच नाही. त्याला ते कळायचं कारण नव्हतं. तो समोर बघत होता.

"निघाला का हो?"

"फर्स्ट क्लास, मामा!"

"अक्का," दौलत मला म्हणाला, "माझा फोटो निघाला बघ. कोटासकट!"

आता या जावयांबद्दल सांगते. नाव पद्माकर. आमच्या वडगावात चावडीसमोर त्यांचा 'छायाकमल फोटो स्टुडिओ'. थोरली शालन त्यांना दिली तेव्हा मी म्हटलं, माणसाच्या हातात धंदा आहे, व्यसन नाही. व्यसन होतं, पण ते मागाहून कळलं. त्यांना कला होती. लग्नाचे, मुंजीचे, शाळेच्या दाखल्याचे फोटो म्हणजे त्यांच्या भाषेत हमाली. खरा फोटो म्हणजे गंजलेल्या कडीचा. वाळत घातलेल्या शेवयांचा. म्हशीच्या एका डोळ्याचा. एकदा ते आमच्या गिरणीत आले आणि पिठानं माखलेल्या पट्ट्याचे फोटो काढत बसले. दळण घेऊन आलेल्या बायका बाहेर रांगेत. मी म्हटलं, "त्या पट्ट्याचं लग्न ठरलंय का कुठं?" तर म्हणाले, "अक्का, तुम्हाला यातलं कळायचं नाही." नाहीच कळत. मी तिसरीतून शाळा सोडली. पण शहरातली कुठलीतरी मंडळं त्यांना ढाली पाठवायची आणि त्या ढाली स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या डोक्यावर टांगलेल्या असायच्या. खाली शालन गिऱ्हाइकाला पावडर लावायची, मान सरळ करायची, पोरांना खुळखुळा वाजवून हसवायची. जावई येऊन नुसतं बटण दाबायचे, तेही उपकार केल्यासारखं.

तर लग्नात मी त्यांना दंडाला धरून उठवलं आणि स्टेजवर नेलं. जावयाला असं धरू नये. धरलं.

वरपक्षाचे फोटो झाले. नवरदेव कामाला होता त्या कारखान्यातले साहेब आले, त्यांचे झाले. मग मी दौलतला हाक मारली. तो आणि सुंदरा नवरा-नवरीच्या शेजारी उभी राहिली. सुंदरानं इरकली नेसलं होतं. तिला फोटोची सवय नाही, ती दौलतच्या कोटाची बाही चिमटीत धरून उभी.

"जावईबापू, या दोघांचा नीट घ्या," मी म्हटलं. "गुडघ्याच्या वरचा."

जावयांनी मागच्या रांगेकडं बघितलं. कॅमेरा डोळ्याला लावला. लख्ख उजेड पडला.

"झालं! चला, पुढचे या."

सुंदरा खाली उतरली ती कावरीबावरी. "वन्सं, माझे डोळे मिटले की हो."

"मिटू देत. दौलतचे उघडे होते, मी बघितलंय."

दौलत दिवसभर तोच उजेड सांगत फिरत होता. म्हणे, डोळ्यांपुढं अजून हिरवं दिसतंय.

आल्बम आला. शालननं तो माझ्या पुढ्यात ठेवला आणि चहा करायला आत गेली, ती बाहेर यायलाच तयार नाही. मी पानं उलटली. कन्यादानाचा फोटो होता: चार हात, एकावर एक, वरून पाणी पडतंय. पाणी छान आलं होतं. माणसं कोपरापर्यंतच होती. मंगलाष्टकांचा फोटो होता. त्यात मामा नवरीच्या मागं उभा असतो, म्हणून दौलतही होता. म्हणजे त्याच्या पटक्याचा तुरा होता, अंतरपाटाच्या वर. कारखान्याचे साहेब दोन पानांवर होते.

"दौलतचा कुठं आहे? स्टेजवरचा?"

"दुसऱ्या रोलमध्ये आहे, अक्का," जावई म्हणाले. "धुवायचा राहिलाय."

दौलत बाजाराच्या दिवशी यायचा. माझ्याकडं भाकरी खाऊन स्टुडिओत डोकवायचा. "जावईबापू, झालं का आमचं?" पुढच्या बाजाराला, मामा. तो हसून परत जायचा आणि मला म्हणायचा, "असू दे गं अक्का, कलावंत माणूस. घाई करून चालत नाही." दौलतला कुणाचा रागच यायचा नाही. लहानपणीसुद्धा त्याच्या वाटणीचं भांडण मीच करायची.

गुऱ्हाळं सुरू झाली. एक काहील उतरवून दौलत भिंतीला टेकून बसला, कुणीतरी त्याला तंबाखू दिली, त्यानं ती हातावर घेतली, आणि ती तशीच राहिली. मळायला त्याचा अंगठा फिरला नाही.

दहाव्याला पाटावर ठेवायला काही नव्हतं. तेव्हा काही आतासारखं नव्हतं, कुणाच्याही खिशात ढीगभर फोटो. सरकारी कार्डांवरसुद्धा नुसती नावं असायची. पाटावर त्याचा पटका ठेवला आणि त्याला हार घातला. मी सुंदराशेजारी बसले होते. ती रडत नव्हती. ती पटक्याकडं बघत होती, आणि मग हळूच, कुणी ऐकू नये अशी, मला म्हणाली:

"वन्सं, मला त्यांचा चेहरा येईना झालाय."

"म्हणजे?"

"डोळे मिटले की कोट येतो, पटका येतो, चालणं येतं. मधलं येत नाही. सकाळी जरा येतो, तोंड धुऊन येईस्तोवर जातो." तिनं माझा हात धरला. "लग्नातला तो फोटो तेवढा आणून द्या. उजेड पडला होता बघा, तो. माझे डोळे मिटलेले असले तरी चालतील. मला मी नको त्यात."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत गेले. जावई नव्या ढालीला खिळा ठोकत होते. ढालीखाली, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल असा, एक भलामोठा फोटो काचेत घालून लावलेला. चपलांचा ढीग, आणि त्यात उभे दोन अनवाणी पाय. पायांवर पांढरे डाग. बोटांत अक्षतांचे तांदूळ अडकलेले. उजव्या अंगठ्याला नख नाही. खाली पाटीवर अक्षरं होती, ती मी जुळवून वाचली. 'परतीची वाट'.

मी खुर्चीत बसले.

"पहिला नंबर, अक्का," जावई खाली उतरत म्हणाले. "परीक्षक म्हणाले, या पायांत अख्खं आयुष्य आहे."

"आयुष्य संपलं ते. काल दहावा झाला. तुम्ही आला होता की, दोन वेळा चहा घेतला."

"हो, म्हणजे... तेच. आता तर या फोटोला आणखीनच अर्थ आला."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी हातोडी टेबलावर ठेवली, मग उचलून खाली ठेवली.

"स्टेजवरचा फोटो द्या," मी म्हटलं.

"तोच तर घोटाळा झालाय, अक्का. तो रोल धुताना खराब झाला. लॅबवाल्यानं..."

"हा कुठल्या रोलमधला?"

"हा वेगळा. हा माझा स्वतःचा."

"आणि खराब कुणाचा झाला? लग्नाचा? मग कारखान्याचे साहेब दोन पानं भरून कसे आले?"

जावयांनी हातोडी परत उचलली. पडद्यामागं शालन होती. लाल दिव्याच्या खोलीतून ती बाहेर आली, हात फोटो धुण्याच्या औषधानं ओले. नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "आई, तो रोल खराब नाही झाला. तो फोटो निघालाच नव्हता."

"उजेड पडला होता. मी तिथं उभी होते."

"कोरा होता तो." तिनं टेबलावरचा फ्लॅश उचलला, मागचं एक बारीक बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. कॅमेरा पलीकडं कपाटात होता. "असं. कॅमेऱ्याला हातही लावायचा नाही. स्टेजवर रांग मोठी झाली, रोल संपत आला, की असं करतात. सगळेच करतात, आई. लोकांना उजेड पडला की बरं वाटतं. ती खाली उतरतात."

"आणि कोण खरं, कोण कोरं, ते कोण ठरवतं?"

शालननं आता नवऱ्याकडं बघितलं.

"अक्का, समजून घ्या," जावई म्हणाले. "वरपक्षाची माणसं, साहेब, ती परत कुठं सापडणार? मामा काय, घरचेच. म्हटलं, कधीही काढू."

घरचेच. हे मी पुढं आयुष्यभर ऐकत आले आहे, पुष्कळ तोंडांतून, आणि ते ऐकलं की मला अजून तो हातोडी धरलेला माणूस दिसतो.

"चेहऱ्याचं काय आहे, अक्का," त्यांना आता धीर आला होता, "चेहरा कुणीही काढतो. चेहऱ्यानं माणूस खोटं बोलतो. पाय बोलतात ते खरं असतं. हीच प्रिंट मामींना दिली तर? काचेसकट देतो."

"द्या की. सुंदरा रोज सकाळी उठून त्या पायांना विचारील, तुमचं तोंड कुठं आहे म्हणून."

शालन रडायला लागली. मी तिला म्हटलं, डोळे पूस, औषधाचे हात लावू नकोस. मी उठले. दाराशी पोचले असेन, तर जावयांनी हाक मारली. आवाज बदलला होता. डोकं तिरकं करून ते माझ्याकडं बघत होते, चपलेकडं बघायचे तसं.

"अक्का, जरा थांबा. हनुवटी वर करा."

"का?"

"तुमचं आणि मामांचं कपाळ एकच आहे. नाक तर तेच. गालाची हाडंसुद्धा." ते जवळ आले. "शालन, बघ. पटका बांधला, कोट घातला आणि वर मिशा रंगवल्या तर?"

मला कळायला वेळ लागला. मग कळलं.

त्यांच्या धंद्यात हे होतं. मेलेल्या माणसाचा मिटलेल्या डोळ्यांचा फोटो यायचा, ते त्यावर उघडे डोळे काढून द्यायचे. नवऱ्याचा एका जत्रेतला आणि बायकोचा दुसऱ्या लग्नातला असे दोन फोटो जोडून जोडपं तयार करायचे. मोठी प्रिंट काढायची, तिच्यावर ब्रशनं हवं ते रंगवायचं आणि मग त्या प्रिंटचाच पुन्हा फोटो घ्यायचा. मग शाई कुठली आणि माणूस कुठला, कुणाला कळत नाही. पण बहिणीचा भाऊ त्यांनीसुद्धा कधी केला नव्हता. त्यांचे डोळे चमकत होते. दौलत मेल्याचं त्यांना दहाव्यालासुद्धा एवढं लागलं नव्हतं, जेवढं आता हे सुचल्याचं सुख झालं.

"लाज नाही वाटत?" मी म्हटलं.

"मामींना चेहरा पाहिजे ना? दुसरीकडं कुठं आहे तो?"

दुसरीकडं कुठंच नव्हता. मी दारातून परत आत आले.

सुंदराकडून कोट आणि पटका मागून आणला. म्हटलं, धुऊन देते. तिनं विचारलं नाही. कोटाला अजून गुळाचा वास होता. दुपारी स्टुडिओ बंद करून शालननं मला आत नेलं. पदर काढून केस मागं चापून बांधले. लुगड्यावरूनच कोट चढवला, बटणं लावली. पटका जावई बांधायला आले, तर मी म्हटलं, हात लावू नका. शालननं बांधला. लहानपणी ती मामाचा पटका सोडून परत बांधायचा खेळ खेळायची, तिच्या हातात ते होतं.

मग तिनं माझ्यापुढं आरसा धरला आणि धरताच खाली घेतला.

"नको, आई. तू बघू नकोस."

मी स्टुलावर बसले. मागं रंगवलेला पडदा होता, त्यावर तळं आणि हंस. जावयांनी पडदा गुंडाळला. दिवे लावले, काढले, परत लावले. त्यांना मी कधी एवढं मन लावून काम करताना बघितलं नव्हतं. एका माणसाच्या तोंडाकडं ते इतका वेळ बघू शकतात, हे मला माहीत नव्हतं. त्यासाठी आधी माणूस मरावा लागतो, एवढंच.

"जरा हसा, अक्का. मामा हसायचे."

"तुम्हाला काय माहीत, हसायचे का नाही ते? तुम्ही घोट्यापर्यंत पोचला होता."

"बरं, मग नुसतं माझ्याकडं बघा. इथं, भिंगात."

"बघतेय," मी म्हटलं. आणि बघितलं.

या वेळी बटण दाबल्यावर कॅमेऱ्यात खट्ट झालं.

मिशा शालननं काढल्या. जावई ब्रश घेऊन बसणार होते, तर ती म्हणाली, "द्या इकडं. मामाच्या मिशा मला ठाऊक आहेत." कानांतली भोकं तिनं बुजवली, मानेवरची लुगड्याची किनार झाकली. काम संपलं तेव्हा तिनं मला बोलावलं. तो दौलत होता. खोटं कशाला सांगू, मी मागं सरकले. कपाळ आमच्या बापाचं, ते आम्हा दोघांना मिळालेलं. कोट त्याचाच. पटका त्याचाच. जावई मागून म्हणाले, "काय? आहे ना कला?"

काचेत घातलेला तो फोटो कागदात गुंडाळून मी निघाले.

सुंदरानं तो दारातच घेतला. कागद फाडला. खूप वेळ बघितला, उजेडाकडं धरून बघितला. मी तिच्याकडं बघायचं टाळून गोठ्याकडं बघत होते.

"माझा भाग कापला का?" तिनं विचारलं.

"तू म्हणालीस ना, तू नको त्यात."

"हो. म्हणाले खरी." तिनं पदरानं काच पुसली. "बरं झालं आणलात."

तिनं तो खुंटीच्या वरच्या खिळ्याला लावला आणि हार घातला. बस. मला वाटलं, सुटले.

वर्षश्राद्धाला सगळे जमलो. गुऱ्हाळावरची माणसं, भावकी, आम्ही. जावई सफारी घालून आले, तोच, आणि नेमके फोटोखालच्या बाजेवर बसले. मी आत सुंदराजवळ. ती वडे तळत होती. बाहेरून आवाज येत होते.

दौलतच्या हाताखाली काम केलेला गणपाअण्णा म्हणत होता, "काय जिवंत आलाय हो! आत्ता बोलेल असं वाटतंय. कधी काढला?"

"लग्नात," जावयांचा आवाज. "मामा स्टेजवर आले, मी बघितलं आणि म्हटलं, हा चेहरा सोडायचा नाही. एकदाच बटण दाबलं. असे चेहरे लगेच पकडावे लागतात, अण्णा. त्याला नजर लागते."

माझ्या हातातलं ताट मी खाली ठेवलं. उठणार होते. सुंदरानं झारा कढईवर आडवा ठेवला आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"वन्सं, बसा. एक सांगू?"

"सांग."

"आमच्या ह्यांनी उभ्या जन्मात कुणाकडं असं बघितलं नाही."

"कसं?"

"त्या फोटोत बघतात तसं." तिनं एक वडा उलटला. "बैल उधळला तरी त्याच्याकडं कौतुकानं बघायचे. गुळाचे पैसे बुडवून गेला त्याला पाणी विचारायचे. आणि फोटोत बघा. समोरच्याला सोलून खुंटीला टांगावं, तसं." ती माझ्याकडं वळली. तिचे डोळे धुरानं लाल झाले होते, पण ती हसत होती. "असं बघणारं आपल्यात एकच माणूस आहे."

मी खाली ठेवलेलं ताट जवळ ओढलं.

"पहिल्या दिवशीच कळलं मला. कागद काढला तेव्हाच."

"मग लावलास कशाला भिंतीला?"

"तुमच्याकडं बघता बघता त्यांचा येतो हो. तुम्ही रागावून बघता, आणि ते तुमच्या मागून हसतात, अक्काला असू दे म्हणतात. आता रोज येतो. तोंड धुतलं तरी जात नाही." तिनं झारा उचलला. "आणि शिवाय, वन्सं, घरात गडीमाणूस नाही. भावकी येते, जमिनीचं बोलते. त्या भिंतीकडं नजर गेली की आवाज खाली येतो त्यांचा. राहू द्या. कुणाला सांगू नका."

मी पदरानं तोंड पुसलं आणि बाहेर आले. सगळ्यांनी सरकून जागा दिली. मी बसले नाही.

जावई बाजेवर मांडी घालून बसले होते. माझ्याकडं बघून हसले, चारचौघांत हसतात तसं, मोठ्या मनानं.

"या, अक्का. आत्ता अण्णांना तेच म्हणत होतो. तुमचाही असा एक मोठा फोटो काढून ठेवू. वय झालं आता. मागाहून धावपळ नको. मी स्वतः काढीन, मन लावून."

"खरं आहे," गणपाअण्णा म्हणाला. "जावई घरचाच आहे तर काढून घ्या, अक्का."

त्यांच्या डोक्यावर दौलतचा कोट होता, दौलतचा पटका होता, लेकीनं काढलेल्या मिशा होत्या, आणि मधून मी त्यांच्या टाळूकडं बघत होते. आतल्या दारात सुंदरा झारा हातात घेऊन उभी राहिली. मी तिला शब्द दिला नव्हता, पण मोडणारही नव्हते. म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल आणि एकालाच कळेल, असं बोलले.

"माझा नको, जावईबापू. मी तुमच्यापुढं एकदा बसले, तेवढं बास झालं. तुम्हाला हात दिसतात, पाय दिसतात, चपला तर फारच चांगल्या दिसतात. अख्खा माणूस समोर येऊन उभा राहिला, की मात्र तुमच्या हातून नुसता उजेड पडतो. उठा त्या बाजेवरून. वळा, आणि मान वर करून त्या फोटोकडं बघा. त्यातलं माणूस तुमच्याकडं ज्या नजरेनं बघतंय ना, तेवढीच तुमची लायकी. ढाली कितीही टांगा."